शिव्या घालत का होईना, पण बघतोच!

स्टार प्रवाहवरची 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं चालली. त्या काळात मराठी घरांत सगळ्यात जास्त शिव्या कोणी खाल्ल्या, असं विचारलं तर अनिरुद्ध देशमुख हे नाव बिनविरोध निवडून येईल. संसारासाठी पंचवीस वर्षं राबलेल्या अरुंधतीला फसवून ऑफिसातल्या संजनाच्या मागे लागलेला हा नवरा. संध्याकाळी मेथी निवडता निवडता बायका त्याचा उद्धार करायच्या. 'मेल्या, तुझं तळपट होवो' इथपासून सुरुवात व्हायची. आतल्या खोलीतून 'मग बंद कर ना तो टीव्ही' असा आवाज यायचा आणि त्याला उत्तर मिळायचं, 'थांबा हो, आता ती काय म्हणते ते बघू दे.'

रिमोट हाताशीच असतो. शंभर वाहिन्या असतात. तरी चॅनेल बदललं जात नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागेवर, त्याच माणसावर राग काढायला आपण हजर असतो. मालिकेचं सोडा, 'बिग बॉस'च्या घरातलं भांडण असो किंवा एखाद्या नटाच्या घटस्फोटाची बातमी, तिथेही हेच चालतं. ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही, त्याच्यावर आपण मनापासून चिडतो. आणि ज्याचा आपल्याला वीट आला आहे, ते आपण पुन्हा पुन्हा बघतो. यात मूर्खपणा नाही. यामागे आपल्या मनाची एक आणि टीव्हीच्या धंद्याची दुसरी, अशा दोन यंत्रणा आहेत आणि त्या एकमेकींना छान धरून चालतात.

एकतर्फी ओळख

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा नवा होता. कार्यक्रमाचा सूत्रसंचालक कॅमेऱ्यात बघून बोलतो, तेव्हा घरी बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं आणि काही दिवसांनी तो आपल्या ओळखीचा होतो, हे त्यांनी टिपलं. ओळख एका बाजूनेच असते. आपल्याला त्याचं सगळं माहीत असतं, त्याला आपलं नावही ठाऊक नसतं. याला त्यांनी 'पॅरासोशल' नातं म्हटलं. आपण एकतर्फी ओळख म्हणू.

ही ओळख खोटी असते हे आपल्याला कळतं, पण मनाला ते वळत नाही. माणसाच्या इतिहासात हजारो वर्षं, ज्याचा चेहरा रोज दिसतो आणि आवाज रोज ऐकू येतो तो आपल्याच वस्तीतला असायचा. पडद्यावरचा चेहरा आणि शेजारचा चेहरा यांच्यासाठी मनात दोन वेगळे कप्पे तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. आता जरा हिशेब करा. मालिकेचा एक भाग जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटांचा. आठवड्याचे सहा भाग. म्हणजे आठवड्याला दोन तासांहून जास्त. सख्ख्या चुलतभावासाठी तरी आपण इतका वेळ देतो का?

म्हणून 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये नायक मिहीर मेला तेव्हा देशभर सुतक पडल्यासारखं झालं आणि निर्मात्यांना त्याला परत आणावं लागलं. रामानंद सागर यांचं 'रामायण' १९८७ साली सुरू झालं तेव्हा लोक आंघोळ करून टीव्हीला हार घालून बसत. पण मला त्याहून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. १९९१ च्या निवडणुकीत सीतेचं काम करणाऱ्या दीपिका चिखलिया गुजरातमधून लोकसभेवर निवडून गेल्या, हे समजण्यासारखं आहे. पण रावणाचं काम करणारे अरविंद त्रिवेदीही त्याच निवडणुकीत, त्याच राज्यातून खासदार झाले! ओळख रामाची की रावणाची हा प्रश्न दुय्यम ठरतो. चेहरा घरातला झाला होता, एवढं पुरे होतं.

भूमिका आणि माणूस

निळू फुले खेडोपाडी गेले की बायका त्यांना तोंडावर शिव्या द्यायच्या, हे मराठी माणसाला सांगायला नको. पडद्यावरचा तो बेरकी पाटील-सरपंच प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, चळवळीत वावरणारा सज्जन गृहस्थ होता. अनिरुद्ध साकारणाऱ्या मिलिंद गवळींनाही प्रेक्षकांचा राग झेलावा लागला. या लोकांना सिनेमा आणि खरं आयुष्य यांतला फरक कळत नाही, असं म्हणून आपण हसतो. पण हसण्याआधी १९६७ सालचा एक प्रयोग ऐका.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचायला दिले. काही निबंध कॅस्ट्रोच्या बाजूने, काही विरुद्ध. लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल, ते सांगायचं होतं. काही विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की कोणत्या बाजूने लिहायचं हे लेखकाने ठरवलेलं नाही, त्याला ते नेमून दिलं होतं. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातून थोडाफार कॅस्ट्रोवादी असणारच, असाच कौल आला. हे विद्यापीठातले शिकलेसवरलेले विद्यार्थी होते, त्यांना सगळं आधी सांगितलं होतं, आणि तरीही!

मानसशास्त्रात ही खोड फार प्रसिद्ध आहे. समोरचा कसा वागतो हे दिसलं की 'तो तसाच आहे' असा निष्कर्ष आपण आपोआप काढतो; त्याला तसं वागायला लावणारी परिस्थिती मात्र हिशेबातून गळते. स्वतःच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. आपण रागावलो तर झोप झालेली नसते, लोकल चुकलेली असते, साहेब बोललेला असतो. दुसरा रागावला तर तो तापट असतो.

मालिकेत निदान नट आणि भूमिका यांची नावं तरी वेगळी असतात. रिअॅलिटी शोमध्ये तीही सोय नाही. तिथे माणूस स्वतःच्याच नावाने वावरतो. मग फोन नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, रेशन मोजून मिळतं आणि रोज एकमेकांवर कुरघोडी करायला लावणारं 'टास्क' असतं, ही परिस्थिती आपल्या नजरेतून पार निघून जाते. उरतो तो फक्त 'किती उर्मट आहे ही!' हा निकाल.

कात्री

त्यातही आपण बघतो ते किती? 'बिग बॉस'च्या घरात पुष्कळ कॅमेरे चोवीस तास चालू असतात. त्यातून आपल्यापर्यंत येतो तो जेमतेम तासाभराचा भाग, जाहिराती धरून. बाकीचं सगळं कात्रीखाली जातं. काय ठेवायचं हा एक भाग झाला. काय कशाला जोडायचं हा त्याहून मोठा.

शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक खेळ करून पाहिला होता. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याच्यापुढे कधी सूपचं ताट, कधी शवपेटी. चेहऱ्याचं चित्रण तेच. पण बघणाऱ्यांना एकदा त्यावर भूक दिसली आणि एकदा दुःख. दोन तुकडे शेजारी आले की तिसरा अर्थ आपण स्वतः तयार करतो आणि तो आपण तयार केला आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

आता समजा, एका घरात दुपारी एक बाई ओट्याशी उभी राहून भांडी घासते आहे. नळाला पाणी येत नाही म्हणून ती वैतागून डोळे फिरवते. दोन सेकंदांचं काम. संध्याकाळी दुसरी स्पर्धक सोफ्यावर बसून आपल्या गेलेल्या वडिलांबद्दल सांगताना रडते. रडण्याच्या मधोमध ते फिरवलेले डोळे घातले आणि खाली संगीताचा एक ठोका दिला, की झालं. महाराष्ट्रभर चहाचे कप खाली ठेवले जातात. एकही शब्द खोटा दाखवलेला नसतो. प्रत्येक चित्र खरंच असतं. खोटं असतं ते फक्त त्यांचं शेजारपण.

आणि शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येतो. 'बिग बॉस मराठी'च्या पहिल्या पर्वात महेश मांजरेकर होते, पाचव्या पर्वात रितेश देशमुख 'भाऊचा धक्का' घेऊन आले. आठवडाभर आपल्याला जे वाटलं ते बोलून दाखवणं हे त्याचं काम. आपला राग योग्यच होता, असा शिक्का तिथे बसतो. म्हणजे प्रेक्षकांचा कौल म्हणून जे आपल्याला ऐकवलं जातं, त्याचीही तजवीज कार्यक्रमाच्या आराखड्यातच असते.

रागाची चव

पण एवढी चीड येते तर माणूस उठून जात का नाही? कारण अशा रागात सुख असतं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण मोजून पाहिलेलं आहे.

एर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी २००२ साली 'नेचर'मध्ये एका खेळाचे निष्कर्ष छापले. चौघांच्या गटात प्रत्येकाने सामायिक गंगाजळीत पैसे टाकायचे. गंगाजळी वाढवून सगळ्यांत सारखी वाटली जायची. कोणी काहीच न टाकता वाटा मात्र उचलला तर इतरांना त्याला दंड करता यायचा. मात्र त्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे खर्च करावे लागायचे. पुढच्या डावात गट बदलणार, तो लबाड पुन्हा भेटणार नाही, दंड करून आपला एक पैशाचा फायदा नाही. तरी लोकांनी भराभर दंड केले. दोन वर्षांनी झुरिकमध्ये अशा दंड करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, तेव्हा मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर चेतणारा भाग काम करताना दिसला. लबाडाला धडा शिकवणं गोड लागतं.

टोळीत राहणाऱ्या माणसाला ही गोडी उपयोगाची होती. नियम मोडणाऱ्याला कोणीच काही बोललं नाही तर गाव चालत नाही. पण खऱ्या आयुष्यात ही चव फार महाग पडते. हिशेबात घोळ करणाऱ्या सोसायटीच्या चिटणिसाला सुनवायला गेलं तर उद्या पाण्याची तक्रार कोण ऐकणार? वहिनीला काही बोललं तर दिवाळी बिघडते. पडद्यावरच्या माणसाला सुनवायला मात्र दमडी लागत नाही. खिशातलं काही न जाता न्यायाधीश व्हायला मिळतं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. लोकलच्या महिला डब्यात, भिशीत, ऑफिसच्या डबा खायच्या टेबलावर अनिरुद्धवर जी चर्चा चालते, ती खरोखर अनिरुद्धवर नसते. पन्नाशीतल्या बाईने घटस्फोट घ्यावा का, मुलांनी कोणाची बाजू घ्यावी, सासूने सुनेच्या मागे उभं राहावं की मुलाच्या, हे प्रश्न स्वतःच्या घराचं नाव न घेता मांडायची ती सोय आहे. 'अरुंधतीने बरं केलं' असं सासूसमोर म्हणणारी सून काय म्हणते आहे, ते सासूला कळतं. आणि कळलं तरी कोणाला बोलता येत नाही. इतकी बिनधोक जागा आपल्या घरांत दुसरी कुठे आहे?

मोबाइलवर आल्यावर मात्र या रागाची तऱ्हा बदलते. २०१७ साली विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासले. त्यांचे विषय राजकीय वादाचे होते. ज्या मजकुरात नीतीचा आणि भावनेचा रंग एकत्र आलेले शब्द होते, म्हणजे 'लाज', 'नीच', 'पाप' अशा जातीचे, तो जास्त पसरला. अशा प्रत्येक शब्दामागे पसरण्याचं प्रमाण साधारण वीस टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पुढे २०२१ च्या अभ्यासात असं आढळलं, की संतापून लिहिल्यावर ज्यांना जास्त 'लाइक' मिळाले, ते नंतर आणखी संतापून लिहू लागले. भिशीत कोणी जास्तच तोंड सोडलं तर शेजारची कोपर मारते. मोबाइलवर कोपर मारणारं कोणी नाही. तिथे टाळ्याच पडतात.

पेटीला कारण कळत नाही

आता धंद्याची बाजू. आपण काय बघतो ते मोजायचं काम 'बार्क' ही संस्था करते. ज्याला आपण सवयीने टीआरपी म्हणतो, ते आकडे हीच देते. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या पुढे. त्यांतल्या ५० हजारांहून थोड्या जास्त घरांत मोजणीची पेटी बसवलेली असते. शितावरून भाताची परीक्षा करायची, तशातला हा प्रकार. शितं नीट निवडली, म्हणजे शहर-खेडं, गरीब-श्रीमंत, भाषा, वय या सगळ्यांचं प्रमाण सांभाळलं, तर अंदाज बराच बरोबर येतो.

पेटी काम कसं करते? मोजणीतल्या प्रत्येक वाहिनीच्या आवाजात, आपल्या कानाला कळणार नाही अशी एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. पेटी ती खूण ऐकते आणि कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी चालू होती ते नोंदवते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं एक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. झालं. वय, स्त्री की पुरुष आणि मिनिटं. आठवड्याचा हिशेब गुरुवारी येतो आणि त्या दिवशी वाहिन्यांच्या कचेऱ्यांत कोणाचे चेहरे खुलतात, कोणाचे पडतात.

या सगळ्यात एक गोष्ट पेटीला कधीच कळत नाही. तुम्ही हसत होता की दात-ओठ खात होता? आजींनी अनिरुद्धला दिलेल्या शिव्या पेटीला ऐकू येत नाहीत. तिच्या लेखी बावीस मिनिटं म्हणजे बावीस मिनिटं. जाहिरातदार पैसे मोजतो तो त्या मिनिटांचे. साबणाची जाहिरात चिडलेल्या माणसालाही तेवढीच दिसते. कदाचित जास्तच नीट दिसते, कारण तो उठून गेलेला नसतो. म्हणून 'लोकांना आवडतं म्हणून आम्ही दाखवतो' हे वाहिनीचं वाक्य अर्धं खरं असतं. लोक बघतात म्हणून ते दाखवतात. आवडतं का, हे त्यांच्या पेटीने कधी विचारलेलंच नसतं.

ब्रिटन, जानेवारी २००७

मग प्रेक्षकाचा राग कुठे पोहोचतच नाही का? पोहोचतो, पण दारं वेगळी आहेत. ती सगळी एकाच वेळी उघडलेली बघायची असतील तर ब्रिटनच्या चॅनेल फोरवरचा २००७ चा 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' बघावा. चेंबूरमध्ये वाढलेली आपली शिल्पा शेट्टी त्या घरात गेली होती. तिच्यासोबत जेड गुडी होती. जेडची प्रसिद्धीच मुळात 'बिग ब्रदर'च्या २००२ च्या पर्वातली, तीही अज्ञानाबद्दल झालेल्या टिंगलीतून आलेली. जेड आणि तिच्या दोन मैत्रिणींनी शिल्पाच्या बोलण्याची, हाताने जेवण करण्याची, उच्चारांची टर उडवायला सुरुवात केली. सुपात घालायच्या ऑक्सो वड्यांवरून मोठं भांडण झालं. जेडने तिला 'शिल्पा पापडम' म्हटलं.

नियामक संस्था ऑफकॉमकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. तोवर तिथे एका कार्यक्रमाविरुद्ध इतक्या तक्रारी कधीच आल्या नव्हत्या. पाटण्यात संयोजकांचे पुतळे जाळले गेले. ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके तेव्हा भारतात होते. अर्थकारण राहिलं बाजूला, त्यांना याचीच उत्तरं द्यावी लागली. वाहिनीने आधी हा दोन वर्गांतला, दोन संस्कृतींतला खटका आहे असं म्हणून बाजू सावरून पाहिली.

बघणाऱ्यांची संख्या मात्र त्याच दिवसांत चढत गेली. राग येत होता आणि लोक बघत होते. एवढ्यावरच प्रकरण थांबतं तर वाहिनीसाठी तो सोन्याचा महिना ठरला असता. पण दुसऱ्या दारांनी काम केलं. प्रायोजक असलेल्या कारफोन वेअरहाऊसने हात आखडता घेतला आणि प्रायोजकत्व थांबवलं. जेडच्या नावाचं अत्तर दुकानांतून उतरवलं गेलं. ऑफकॉमने मे महिन्यात चॅनेल फोरला दोषी धरलं आणि तो निकाल वाहिनीला आपल्याच पडद्यावर ऐकवावा लागला. तोट्याची भाषा वाहिनीला लगेच कळते; नुसत्या संतापाची भाषा तिच्यापर्यंत मिनिटांच्या रूपात, म्हणजे नफ्याच्या रूपात पोहोचते.

तिसरं दार होतं मतदानाचं. जेड आणि शिल्पा यांच्यापैकी कोणाला बाहेर काढायचं, असा सवाल होता. ८२ टक्के मतं जेडला हाकलण्यासाठी पडली. एरवी असतो तसा बाहेर गर्दीचा जल्लोष त्या रात्री ठेवला गेला नाही आणि त्या मतदानातून झालेला नफा धर्मादाय कामाला गेला. २८ जानेवारीला शिल्पा ६३ टक्के मतांनी जिंकली.

हाकलण्याचं मत, वाचवण्याचं मत

इथे एक बारकावा आहे आणि आपल्याकडचे निम्मे वाद त्यातून निघतात. तिथे मत 'काढण्यासाठी' होतं. आपल्या 'बिग बॉस मराठी'त नामांकित झालेल्यांपैकी ज्याला वाचवायचं त्याला मत द्यायचं असतं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण गणित पार उलटतं.

काढण्याच्या मतदानात ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक चिडलेले असतात तो जातो. वाचवण्याच्या मतदानात चिडलेल्यांना काढण्याचं मतच नसतं! शंभरातल्या सत्तर जणांना एखादी स्पर्धक डोळ्यासमोर नको असेल, पण त्या सत्तरांची मतं पाच जणांत वाटली गेली आणि उरलेल्या तिसांनी एकगठ्ठा तिला दिली, तर ती आरामात राहते. उलट सगळ्यांना जरा जरा बरा वाटणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस पहिल्या फटक्याला बाहेर. २०२४ च्या पाचव्या पर्वात निक्की तांबोळी ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकरांशी ज्या पद्धतीने बोलली, त्यावरून प्रेक्षक खवळले. रितेशनेही तिला सुनावलं. तरी ती शेवटच्या तिघांत पोहोचली. 'लोक एवढे चिडले होते, मग ती राहिली कशी? नक्की सेटिंग!' असं तेव्हा बरेच जण म्हणाले. सेटिंग गृहीत धरायची गरजच नाही. नियमच असा आहे, की त्यात नावड मोजली जात नाही. त्याच पर्वात बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला, तोही याच नियमाने: ज्यांना तो आपला वाटला, त्यांनी त्याला घट्ट धरून ठेवलं.

चौकट: तक्रार करायची तर

- मालिका किंवा रिअॅलिटी शोमधलं काही खरोखर आक्षेपार्ह वाटलं तर पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्सच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.
- समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाकडे अपील करता येतं. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी हे मंडळ आहे. बातम्यांसाठी वेगळं मंडळ आहे. स्वनियामक मंडळाने ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिसरी पायरी केंद्र सरकारची.
- कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग किंवा वाक्य लिहावं. 'सगळीच मालिका फालतू आहे' याला तक्रार म्हणत नाहीत, ते मत झालं.
- याचा उपयोग होतो का? सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर त्याचे म्हणून खोटे ट्वीट दाखवल्याबद्दल 'आज तक'ला २०२० साली बातम्यांच्या अशाच मंडळाने माफी मागायला लावली आणि एक लाख रुपये दंड केला.

जेड गुडी पुढे

जेडवरचा राग ओसरायला दोन वर्षंही लागली नाहीत. २००८ च्या ऑगस्टमध्ये ती भारतात आली, 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी. दोनच दिवसांत, त्या घरातच, तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचा निरोप मिळाला आणि ती मायदेशी परतली. ज्या वर्तमानपत्रांनी २००२ साली तिची टर उडवली, मग डोक्यावर घेतलं आणि २००७ साली झोडपलं, त्यांनीच तिच्या आजारपणाच्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या. २२ मार्च २००९ रोजी ती गेली, तेव्हा ती २७ वर्षांची होती.

तिच्या आजाराची बातमी फुटल्यापासून इंग्लंडमध्ये या कर्करोगाच्या चाचणीसाठी येणाऱ्या बायकांची संख्या एकदम वाढली. नेहमीपेक्षा चार-पाच लाख जास्त चाचण्या झाल्याचं पुढे अभ्यासकांनी मोजलं. एरवी चाचणीकडे पाठ फिरवणाऱ्या तरुण मुलीही त्यात होत्या. सरकारी पत्रकं घरी येत होतीच, पण पत्रकाला चेहरा नसतो. जेडला त्या सात वर्षं ओळखत होत्या; आवडो न आवडो, ती त्यांच्या घरात येऊन गेलेली होती. पुढच्या काही वर्षांत ती आठवण विरली आणि तरुणींचं चाचणीचं प्रमाण पुन्हा घसरू लागलं.